तुमच्या उजव्या कानाशी

उस्ताद, माझा डावा कान गेला. तुमचा उजवा गेला होता. तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती मी कुणालाच सांगत नव्हतो. विसरवाडीच्या फाट्यावर तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं मी डिझेल इंजिनं खोलली आणि बंद केली. आज शहाद्यात माझं स्वतःचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर येतात, ट्रक येतात, कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्या रांग लावतात, आणि लोक अजून म्हणतात, शेठला नुसता आवाज ऐकवा, खोलायची गरज नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं दुकानाच्या पाटीसारखं मिरवलं. म्हणून कान जायला लागला तेव्हा मी आधी फोन बदलला.

डाव्या कानाला फोन धरायची सवय, आणि समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू यायचा. कंपनीला शिव्या घातल्या, दुसरा फोन आणला, तोही तसाच निघाला. बायको भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, "फोनले कसाले शिव्या देतस? तो चांगला शे. कान दखाडा कोनले तरी." मी म्हणालो, "मन्हा कान? मी दोन गल्ल्या सोडीसन कोनती गाडी चालनी ते सांगस." "बरं," ती म्हणाली, "मंग मी आते काय म्हनं ते सांगा." ती मधे काही म्हणाली होती, हेच मला ठाऊक नव्हतं. भाकरी उलटताना ती हसली, आणि मग हसायची थांबली.

नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या एका खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन घालतात, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे मशीन चालवणारी मुलगी दिसत होती. तिचा खांदा जरा हलला की आवाज सुटतो, हे मला दोन मिनिटांत कळलं. मग काय, खांदा हलला की मी बटण दाबायचो. आयुष्यभर असंच शिकत आलोय, समोरच्याचा हात बघून. तिनं आत येऊन माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "काका, परीक्षा तुमच्या कानाची आहे," म्हणाली. मला लाज वाटली, पण तेवढीच, शाळेत शेजाऱ्याची पाटी बघताना पकडल्यासारखी. खरी लाज पुढच्या मिनिटाला आली. डॉक्टरांनी दोन दातांचा लोखंडी काटा गुडघ्यावर आपटला, त्याचं बूड माझ्या कपाळावर मधोमध टेकवलं आणि विचारलं, "कुठे ऐकू येतं?" हाडातून आवाज आला आणि सगळाच्या सगळा उजवीकडे निघून गेला. डावीकडे काहीच नाही. मी डोळे मिटले तर तुम्ही दिसलात, इंजिनावर वाकलेले.

लांब पेचकसाचं टोक तुम्ही ब्लॉकवर ठेवायचात आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावायचात. "घाई नको करू. इंजिन सोताच सांगस त्याले कोठे दुखस ते." मला हे शिकवायला तुम्हाला दोन पावसाळे लागले. आणि तुमच्या शेडचा एक नियम होता, जो मी नंतर कुठल्याच गॅरेजात पाहिला नाही. एका कानाच्या भरवशावर इंजिन खोलायचं नाही आणि सोडायचंही नाही. तुम्ही ऐकायचात, गप्प राहायचात, मग दुसऱ्याला ऐकायला लावून विचारायचात, "तुले काय ऐकू येस?" दोघांचं जुळलं तर काम पुढे. नाही जुळलं तर चहा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा वर्षांनी तो दुसरा कान मी झालो. ड्रायव्हरांसमोर तुम्ही म्हणालात, "याना कान मन्हापेक्षा तेज शेतस." तुमच्याकडून मिळालेली तेवढी एक भेट. मी ती आजपर्यंत वापरतोय.

तुमचा उजवा कान जातोय, हे सगळ्यात आधी मला कळलं, कारण कान तेज होते. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. नुसता डावा कान पुढे करून उभे राहायला लागलात. आणि मी काय केलं? चहाच्या टपरीवर तुमच्या उजव्या अंगाला उभा राहून हळू आवाजात तुमच्या नकला केल्या. ड्रायव्हर पोट धरून हसले. सगळे हसतायत म्हणून तुम्हीही हसलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "मोठा गमतीदार पोऱ्या शे." ती थाप मला आठवते.

पण लिहायचं ते हे नाही. हे मी आतापर्यंत बायकोला तरी सांगू शकलो असतो.

कानाच्या नसेवर गाठ निघाली, बोराएवढी. कर्करोगाची नव्हे, साधी, हळूहळू वाढणारी, पण मेंदूच्या अगदी दारात बसलेली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात किरणांनी तिची वाढ थांबवायची असं ठरलं. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, गाठ काढणार नाही, फक्त थांबवणार. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही, उरलंय तेही हळूहळू जाईल. मी म्हणालो, "साहेब, म्हणजे गाडी दुरुस्त करणार नाही, बंद पडू देणार नाही एवढंच." ते हसले. त्याआधी एमआरआयच्या दारात एका बाईनं कागद वाचून विचारलं होतं, धंदा काय, ग्राइंडरवर काम केलंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का. मी म्हणालो, कधी विचारू नका, किती ते विचारा. म्हणून आधी डोळ्यांचे फोटो काढले, की त्या चुंबकानं आतला कण ओढून घेऊ नये. तुम्ही जिभेच्या टोकानं माझ्या डोळ्यातला कण काढला होता, उस्ताद, एकदा. तंबाखूनं डोळा दिवसभर चुरचुरला, पण कण निघाला. त्या बाईला मी हे सांगितलं नाही.

किरणं द्यायच्या दिवशी पहाटे औषधाच्या साबणानं डोकं धुतलं, अंगठी काढली. मग डोक्यावर धातूची चौकट बसवली, चार स्क्रूंनी, थेट कवटीत. सुया टोचून जागा बधिर करतात, तरी दाब कळतो, डोकं कुणी पकडीत धरल्यासारखा. एक डॉक्टर पुढून, एक मागून, समोरासमोरचे दोन स्क्रू एकाच वेळी थोडे थोडे पिळत होते. मग उरलेले दोन. मग पुन्हा पहिले. मी म्हणालो, "बरोबर. इंजिनाचं हेड असंच बसवतात." सगळे हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नर्सला वाटलं, दुखतंय. तिनं हात धरला.

हेडचे बोल्ट मी एका बाजूनं सरळ कसत गेलो होतो, म्हणून तुम्ही सहा ड्रायव्हरांसमोर माझ्या हातातला पाना काढून घेतला होता. "घाई करनारा हात माले नको. जाय, पहिले टायर धू." मी तेव्हा तिशीत होतो. दोन दिवस टायर धुतले आणि मनात एकच घोळवत राहिलो, म्हाताऱ्याला दाखवतो.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या उसाची गाडी आली. इंजिन ठोकत होतं. तुम्ही पेचकस लावून बराच वेळ ऐकलंत, मग मला दिलात. मी ऐकलं. खालून येणारा जाड ठोका, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, खोलल्याशिवाय गाडी सोडायचीच नाही असं, शंकाच नाही. तुम्ही विचारलंत, "तुले काय ऐकू येस?" मी इंजिनाला वळसा घालून तुमच्या उजव्या बाजूला आलो आणि हळूच म्हणालो, "बेअरिंग." इंजिन चालू होतं. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहिलंही नाही. मान हलवलीत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "टॅपेट शे. आम्हना दोन्हीसनं एकच शे." टॅपेट जुळवलंत, वरचं किरकोळ काम, आणि गाडी सोडलीत. वळसा मी मुद्दाम घातला होता, उस्ताद. चार पावलं. त्या चार पावलांत मला नीट ठाऊक होतं मी कुठे चाललोय.

भरलेली गाडी कोंडाईबारीच्या घाटात चढावर बंद पडली. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, गाडी मागे सरकायला लागली, क्लीनरनं उडी टाकून चाकामागे दगड घातला म्हणून माणसं वाचली. मालक दुसऱ्या दिवशी फाट्यावर आला आणि पन्नास लोकांसमोर ओरडला, "कान बंद व्हयना, ते दुकान बी बंद कर आते!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली बघत होतो. मग तुम्ही मालकाला म्हणालात, "चूक मन्ही. पोऱ्याना काय संबंध नही." त्या हंगामानंतर तुमच्याकडे ट्रक आले नाहीत, सायकली आणि पंप आले. मी शहाद्याला दुकान टाकलं आणि त्याच मालकाच्या गाड्या माझ्याकडे आल्या. लोक विचारायचे, तेव्हा मी म्हणायचो, "मी उस्तादांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही." यात एक शब्द खोटा नव्हता. अशा खरेपणावर मी माझं दुकान उभं केलं. आता हे पत्रही कुणाला लिहितोय? ज्यांना ऐकू येणार नाही त्यांनाच. सवय जात नाही माझी.

किरणांच्या मशीनमध्ये तासभर पडून होतो. काही दुखत नाही, काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी घरी निघालो. कपाळ सुजून डोळे बारीक झालेले, चार खपल्या, केसांतून हात फिरवला तर कातडी दुसऱ्याची वाटायची. पुढचे दोन महिने अंगणात भिंतीला धरून चाललो. मान वळवली की जमीन एक पाऊल मागून येते. डाव्या कानात कुणी कॉम्प्रेसर चालू ठेवून जेवायला गेल्यासारखा आवाज, तो अजून आहे. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. गाठ जरा फुगलीय आणि मधे काळी पडलीय, हे चांगलं लक्षण म्हणे.

दुकानात परत गेलो त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मडगार्डला धरून उभा होतो. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. मी इकडे शोधतो, तो तिकडे असतो. माझा मोठा मिस्तरी धडगावकडचा पावरा आदिवासी आहे, अठरा वर्षं माझ्याकडे. तो ट्रॅक्टरला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, "शेठ, बसा, मी ऐकस." मी म्हणालो, "तुले कोनी सांगं?" म्हणाला, "कोनी नही. दोन वरीसपाईन माहीत शे. मी आथाच उभा ऱ्हास." मी आठवून पाहिलं. दोन वर्षं तो खरंच त्याच बाजूला उभा राहत होता. कुणाला बोलला नाही. गिऱ्हाइकासमोर तर कधीच नाही. मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

मागच्या आठवड्यात नवापूरला काम होतं. या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलोय, विसरवाडीला गाडी कधी थांबवली नाही. या वेळी थांबवली. तुमच्या शेडच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, मागे तुमचं घर तेच. काकू खाटेवर बसून शेंगा निवडत होत्या. पाठीत वाकल्यात, पण मला पायऱ्यांवरूनच ओळखलं. "ये रे भाऊ. कपायले काय व्हयनं?" मी सांगितलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कोनता कान चालस मंग?" "उजवा," मी म्हणालो. त्या उठल्या, खाटेचा आधार घेत घेत माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "त्यासना बी असाच गया व्हता. पन हट्टी मानूस. तू इतलं सांगं, तरी त्यासनी तुन्हं ऐकं नही. मरेपावत मी त्यासले तेच बोलनू."

मी त्यासाठीच गेलो होतो, उस्ताद. गाडीत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. आणि आत्ता कळत होतं की तुमच्या शेवटच्या वर्षांत घरातही तुम्ही माझ्या त्या चार पावलांचे टोमणे ऐकत बसलात, ऐकू येणाऱ्या कानानं, आणि बायकोलाही म्हणाला नाहीत की पोरानं मला काही सांगितलंच नव्हतं. की तुम्हाला वाटलं, मी सांगितलं असेल, आपल्यालाच ऐकू आलं नसेल? काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अंगणात कुठलाच आवाज नव्हता. मी म्हणालो, "काकू, चहा टाकतस का?"

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी चहा प्यायलो, पाया पडलो आणि निघालो.