नुसतं नाव घालून ठेवलं

७ सप्टेंबर २०२४, नेकारसुल्म
आजपासून मिशन अमेरिका. आमच्या अन्वीचं आबिटुअर, म्हणजे इथली बारावी, जूनमध्येच झालं. माझा अभ्यास पूर्ण : सगळ्या मोठ्या स्कॉलरशिपा फ्रेशमनला, थेट शाळेतून येणाऱ्याला. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या ट्रान्सफरवाल्यांना उरलंसुरलं. म्हणून हे वर्ष फक्त अर्ज. एक्सेल शीट तयार. चौदा युनिव्हर्सिट्या. फ्रेशमन हिरवा, ट्रान्सफर राखाडी. अन्वीने शीट पाहून जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं. उत्साह दिसतोय.

१४ सप्टेंबर
वर्षभर घरी बसली तर स्टुडंट इन्शुरन्स नाही, सेमेस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा स्वस्त ट्रेनपास, नाही. मला सुचलं : श्टुटगार्टला युनिव्हर्सिटीत नुसतं नाव घालून ठेवायचं. फी नावालाच. नंदिनी म्हणाली, अहो, तिला काय आवडतं ते तरी विचारा. मी म्हटलं, शिकायचंय कुणाला? अन्वीने भूगर्भशास्त्र निवडलं. खूप हसलो.

१९ ऑक्टोबर
रोज सकाळी सातच्या ट्रेनने जाते. तिकीट वसूल करतेय. संस्कार माझेच.

९ नोव्हेंबर, शनिवार
र्युसेल्सहाइमहून मित्र चारुदत्त आला. त्याचा आरव गेल्या वर्षी स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, तेव्हापासून हा सल्लागार. शीट दाखवली. तिकिटाची युक्तीही सांगितली. तो पोहे खायचा थांबला. म्हणाला, अरे शहाण्या, शाळेनंतर कॉलेजात नाव घातलंस म्हणजे पोरगी ट्रान्सफर झाली. तुझाच राखाडी रंग!
जळतो.

१० नोव्हेंबर
चौदा ईमेल. मुलगी शिकलेली नाही, फक्त प्रवास केला आहे, असं स्पष्ट लिहिलं. समजून घेतील.

२१ नोव्हेंबर
अकरा उत्तरं. सगळी नम्र. सगळी ट्रान्सफर.

२ डिसेंबर
सुट्टी टाकून युनिव्हर्सिटीत गेलो. मुलगी इथे कधीच नव्हती असं सर्टिफिकेट मागितलं. बाई म्हणाल्या, नाव काढायचा अर्ज मुलीनेच करायचा. मग नाव काढल्याचं सर्टिफिकेट मिळेल. त्यात नाव कधी घातलं तेही असेल का? गेनाऊ, म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर.
संध्याकाळी अन्वीने नाव काढायला नकार दिला. जर्मनमध्ये दिला, म्हणून फारसं मनावर घेतलं नाही.

१ मार्च २०२५
ट्रान्सफरचे अर्ज गेले. नवा निष्कर्ष : ट्रान्सफरमध्ये स्कॉलरशिपसाठी भांडण कमी. बहुतेक ठिकाणी स्कॉलरशिपच नाही. अन्वीला परीक्षेत एक पॉइंट तीन. इथे एक म्हणजे सर्वोत्तम. अर्जाला उपयोगी.

१४ मे
प्रवेश मिळाला! स्कॉलरशिप शून्य. पण अपील करता येतं. लगेच लॉगिन केलं. स्क्रीनवर आलं : विद्यार्थिनीने तीन दिवसांपूर्वी प्रवेश नाकारला आहे.
नंदिनीला माहीत होतं. म्हणाली, अहो, तिला दगड आवडतात. तुम्हीच पाठवलंत ना?
अन्वी खोलीतून बाहेर आली. चक्क मराठीत बोलली. बाबा, सॉरी. तुम्ही खूप मेहनत घेतलीत. पण मला इथेच शिकायचंय. आणि जूनमध्ये आल्प्सला फील्डवर्क आहे, ती नवी मोठी बॅग घेऊ का?
घे म्हटलं. अमेरिकेसाठी मी गेल्या ऑगस्टमध्येच आणून ठेवलेली.
आत्ता तिच्यावरचं किमतीचं लेबल काढतोय. अर्धंच निघालं.