शंभर टक्के निकालाची लेक

बाई,

घरात तू आई होतीस, पण शाळेच्या फाटकातून आत शिरलं की तुला बाई म्हणायचं, हा तुझाच नियम. आजचा विषय शाळेचा आहे, म्हणून बाई. तेव्हा शाळेत तुला अहोजाहोही करायचे, ते मात्र आता जमणार नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मीही पन्नाशीला टेकले. या वयात मेलेल्या माणसाशी तरी मोकळं बोलावं.

तर मी निवडणुकीला उभी आहे. हसू नकोस. इथे कुवेतमध्ये तुझी नात ज्या भारतीय शाळेत नववीत आहे, तिच्या समितीवर पालकांचा एक प्रतिनिधी घेतात. अट एकच, उमेदवाराचं आणि मत देणाऱ्याचंही मूल शाळेच्या पटावर हवं. समिती वर्षातून तीनचारदा बसते, सामोसे खाते आणि स्कूलबसचे एसी ऐन उन्हाळ्यात का बंद पडतात यावर चिंता व्यक्त करते. उमेदवाराने दीडशे शब्दांत आपली ओळख लिहून द्यायची, ऑफिसने ती बघितली की सगळ्या पालकांच्या फोनवर जाते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रोज परक्या माणसांचं रक्त तपासून त्यांच्याबद्दल चार ओळींत नेमकं लिहिणारी मी, स्वतःबद्दल लिहायला तीन दिवस घेतले.

खरं तर मी उभी राहिले ती एका वाक्यासाठी. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की ही शाळा गेटवर माणसापेक्षा उंच फ्लेक्स लावते. तो निकाल कसा लागतो ते तुला सांगायला नको. नववीत जी मुलं गणितात गटांगळ्या खातात, त्यांच्या आईबापांना बोलावतात, गार खोलीत बसवतात, चहा पाजतात आणि दाखला काढून न्यायला सांगतात. ओपन स्कूलमधून दहावी करा, मुलावर ताण नको. माझं वाक्य होतं, ‘नववीतून मुलं काढणं बंद करायला लावीन.’

महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी, अहमदीत तेल कंपनीत इंजिनिअर आहेत, मूळचे नाशिकचे. त्यांनी मसुदा वाचला. "मॅडम, हे भांडण झालं. ओळख कुठाय? तुमच्या आई हेडमिस्ट्रेस होत्या ना?"

"होती."

"निकाल?"

"शंभर टक्के. वर्षानुवर्षं."

"अहो मग ते टाका की! पहिल्या ओळीत टाका. आपली माणसं निकालाला मत देतात, तत्त्वाला टाळ्या."

मी हो म्हटलं नाही, पण त्या रात्रीपासून तुझं स्वयंपाकघर डोक्यातून जाईना. उन्हाळ्याची सुट्टी आहे, मी सातवीत. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं, म्हणून सतरा नंबरचे फॉर्म माझ्यापुढे ठेवले आहेत. शाळा सोडून बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचे ते फॉर्म. एकदा तो भरला की मूल पटावरून उतरतं, मग ते नापास झालं तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. एक बाप मागच्या दारात उभा आहे, चपला पायरीखाली काढून. "बाई, बसू द्या पोरीला वर्गात. मागं बसंल." तू पोळी उलटतेस आणि म्हणतेस, "मागे बसली तरी मोजली जातेच." ते ऐकून मी नावावर शाई सांडते. तू फॉर्म ओढून घेतेस आणि माझ्यावर ओरडतेस, "नीट लिही! तिला जन्मभर हा कागद दाखवायचाय." त्याच्यावर नाही, माझ्यावर. मग त्याला चहा देतेस. त्या सुट्टीत तू मला निबाचं पेन घेऊन दिलंस, हिरवं. ते मला फार आवडलं होतं, बाई. कशाबद्दल मिळालं, हे मी कधी मनात येऊ दिलं नाही.

मागच्या रविवारी, इथे तो शाळेचा वार, शाळेच्या सुपरवायझरबाईंनी बोलावलं. मला वाटलं, ओळखीसाठी. त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. नववीची यादी होती, पाचवं नाव तुझ्या नातीचं. सहावं तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं. चहा येऊन गेला तेव्हा मी ओळखायला हवं होतं.

"मॅडम, घबराइए मत," त्या म्हणाल्या. "कमिटी मेंबर का बच्चा तो हमारा ही बच्चा है ना. बस, आपके इंट्रोडक्शन में ये एक लाइन है. थोडा सॉफ्ट कर दीजिए."

"सॉफ्ट म्हणजे?"

"निकाल दीजिए," त्या गोड हसून म्हणाल्या.

घरी येऊन लेकीला सांगितलं. नेहमी फोनमध्ये मान घालून उत्तर देणारी ती, उठून उभी राहिली. "आई, आय डोन्ट वॉन्ट टु गो. प्लीज." प्लीज हा शब्द तिने माझ्यासाठी चौथीनंतर वापरलेला नाही. मी दोन दिवस तत्त्वाने काढले. तिसऱ्या दिवशी वाक्य काढलं. तिथे जागा मोकळी झाली, तर लिहिलं, ‘माझी आई मुख्याध्यापिका होती. तिच्या शाळेचा निकाल सलग शंभर टक्के असे.’ शब्द बरोबर बसले. सेक्रेटरींनी अंगठा पाठवला. तू म्हणायचीस, निकाल पडला तर शाळेचं अनुदान जाईल आणि सगळ्याच मुली घरी बसतील. तुझ्याकडे निदान कारण तरी शाळेचं होतं.

आज दुपारी त्या सहाव्या नावाची आई लॅबमध्ये नमुन्यांचा ट्रे घेऊन आली. आमच्याच हॉस्पिटलात नर्स आहे, लातूरकडची, राहते सबाह अल-सालेमला. महिन्यातून निम्म्या रात्री ड्यूटीवर, मुलीचं गणित कधी घेणार?

"ताई, लेकराचा दाखला काढला ओ," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या, ओपन स्कूल बी चांगलंच असतंय. ताण नको लेकराला."

"हं," मी म्हटलं.

"तुमची ओळख वाचली फोनवर. मास्तरीणबाईंची लेक तुम्ही, तुम्हाला शाळेतलं सगळं कळतंय. निवडून आल्या की आमच्यासारख्यांकडं बघा जरा."

"बघते ना."

"माझं मत तर तुम्हालाच." मग तिच्या लक्षात आलं आणि तीच हसली. "अगं बाई, लेकरू पटावर कुठंय आता? मला मत कुठलं!"

मीही हसले. ती गेल्यावर एका नळीवरचं लेबल किती वेळ वाचत बसले कोण जाणे.

तुला चार शब्द सुनावायचे म्हणून हे लिहायला घेतलं होतं, पण ते शब्द आता माझ्या तोंडी शोभत नाहीत. पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. एवढंच सांगते, बाई. तिला मत नाही हे ऐकलं, तेव्हा मला हायसं वाटलं.