मालूच्या माळ्यावरचा पाहुणा

बाळकुम, १९९५

प्रिय मालू,

माझं अक्षर बघून हसशील. हस. चौथीत मास्तर म्हणायचे, हौसाची पाटी म्हणजे चिंबोरी चालून गेली. तुझं अक्षर चांगलं, म्हणून तू उमेदवार झालीस नि मी हळदीत गाणारी राहिले. तुझा फोटो भिंतीवर लागला तेव्हा मी कल्याणला आलेले, आठवतं? डोक्यावर पदर, तोंड असं की कोणी ताजं पापलेट शिळं म्हणालंय. मी म्हटलं, बाई, जरा हास, नाहीतर मतं देणारे घाबरून घरी बसतील. धाकूभावजी चहा सांडेपर्यंत हसलेले.

तू निवडणुकीत पडलीस त्याला आता महिना होईल. त्या दिवसापासून नीट जेवण जात नाही मला. उमेदवार मीच होते की काय, असं शेजारची शालन विचारते.

मालू, ते त्र्याण्णवच्या दंगलीचे दिवस. तुमच्याकडे दुकानं जळत होती, नि तू बेकरीवाल्या गफूरभाईची बायको आणि दोन पोरी माळ्यावर जाळ्यांमागे आठ दिवस ठेवलेल्यास. घरात तू, भावजी नि तुझी जाऊ कलावती. बाहेरच्यांत हे ठाऊक असलेली मी एकटी, कारण धाकटीला ताप होता नि औषध मी नेऊन द्यायचे. गफूरभाईंनी नंतर मला पाव दिले, पैसे घेतले नाहीत. तू म्हणालेलीस, हौसा, हे कुठे बोलायचं नाही. मी गळ्याला हात लावलेला.

निवडणुकीच्या आधी इथे गुणाजीच्या मुलीची हळद होती. हळदीत एकेकाचं नाव गाण्यात ओवून चिडवायचं, हे माझं काम. नवरा गेल्यावर मला हळद लावायला कोणी पुढे बोलवत नाही, गायला मात्र बोलावतात. सगळ्यांना चिडवून झालं. बायका म्हणाल्या, आता तुझ्या होणाऱ्या नगरसेविका मैत्रिणीला सोडू नको. मला चढलं गो. तोंडातून निघून गेलं:

मालूबायचे माळ्यावर जाळी का पाव गो,
कोन पावना लपवलास, सांग त्याचं नाव गो.

बायका लोळून हसल्या. त्यांना वाटलं, चावट गाणं आहे. एकीला तसं वाटलं नाही. ती तुझ्या समोरच्या उमेदवाराची मामेबहीण होती. ती हसलीच नाही, नुसती विचारत राहिली, पाव म्हणजे कुठला गो? मी आणखी हसून म्हटलं, बेकरीतला.

चार दिवसांनी तुमच्याकडे रिक्षावरचा भोंगा ओरडत फिरला, मालूबाईंच्या माळ्यावर कोण झोपायचं, ते मतदारांनी विचारावं. तू चौकात उभी राहून सरळ म्हणालीस, होय, होत्या, दोन पोरी नि त्यांची आई. असं तुझ्याशिवाय कोणी म्हटलं नसतं. लोकांनी मतं फिरवली. गफूरभाई म्हणाले, ताईंचं नाव आमच्यामुळे गेलं, नि बेकरीला कुलूप लावून गेले.

मी भेटायला आले तर तू रडत म्हणालीस, कलावतीनेच सांगितलं, घरातलीच फुटली. मी तुझ्याशेजारी बसलेले. हो म्हणून मान हलवली मी, मालू. दुसऱ्या दिवशी तू तिला माहेरी पाठवलंस.

काल कलावती माझ्याकडे आली. पिशवीत सुकट घेऊन, कुणाकडे मागायला गेल्यासारखी. म्हणाली, हौसाताई, वहिनी तुमचंच ऐकते. तिला गावदेवीपुढे घेऊन या, मी शपथ घेते. माझी पोरं तिकडे, मी इकडे, मला आता राहवत नाही. मी म्हटलं, लिहिते हं. माझ्या हाताला हात लावून गेली.

म्हणून हे पत्र. तिला शपथ घ्यायला लावू नकोस. पत्र वाचलंस की आधी जाऊन तिला घरी आण. मग मला काय बोलायचं ते बोल. दाराशी उभी करून बोललीस तरी मी येईन.

तुझीच,
तोंडाची फुटकी
हौसा