पाकिटातले पापुद्रे

ओवे, ता. पनवेल
रविवार, २ मार्च २०२५

प्रिय मनिषाताई,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत, हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पाकीट बघून तू दचकणार नाहीस. तुझ्या बाबांची काळजी करू नकोस, बळीराम मामांचा खोकला गेला. पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही, सकाळी उठल्यावर येतो, पण औषध चालू आहे आणि मी समोर उभी राहून त्यांना घ्यायला लावते. माझी पनवेलच्या चष्म्याच्या दुकानातली नोकरी ठीक चालली आहे.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बोल" म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही. लिहिताना सुचतं, आणि त्याला कारण तूच आहेस. माझी आई गेल्यावर माझ्या बाबांनी मला आत्याकडे आणून सोडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. शाळेत नाव घालायच्या आधी वर्षभर तू मला ओटीवर बसवून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचीस. 'ळ' सरळ येईपर्यंत उठू द्यायची नाहीस.

तुझा निरोप वाचला. आत्याच्या वर्षश्राद्धाला तिने शेवटी खाल्ल्या तशाच आंब्याच्या करंज्या तुला नैवेद्याला हव्या आहेत, एक्कावन्न. आणि अकोल्याहून येताना कोमलला आणशील, तिला मी आत्याचा साटा शिकवायचा. खाली लिहिलंयस, "आईने मला नाही दिला, तुला दिला. माझ्या मुलीला तरी मिळू दे."

ताई, एक्कावन्न फार होतात. शिवाय आंबा अजून नीट आलेला नाही, जो आलाय तो आंबट आहे. आणि साटा म्हणजे तरी काय, फेसलेलं तूप आणि तांदळाचं पीठ. पोळ्यांच्या मध्ये लावायचं, गुंडाळी करायची, लाट्या कापायच्या, म्हणजे करंजीला पापुद्रे सुटतात. मोबाइलवर शंभर जणी करून दाखवतात. कोमल त्यावरूनही शिकेल.

मी मामांना विचारलं की खीर करूया का. ते आत्याचं नाव घेऊन म्हणाले, "खीर काय गो? खीर तर मी पण करीन. जनीचा हात आता तुझ्याकडं हाय. करंज्याच व्हतील."

बघ, तुला काय वाटतं ते कळव. खीर मात्र मी फार चांगली करते.

तुझी,
समू

~

ओवे
शनिवार, १५ मार्च २०२५

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "समू, शिकवायचं नसेल तर सरळ नाही म्हण. आईसारखं टोलवू नकोस." मग मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास.

मला आठवतं ते. तू बारावीला होतीस. आत्याकडे लग्नाच्या करंज्यांची ऑर्डर होती, आणि तू हट्टाने लाटणं घेऊन बसलीस. तिने ते तुझ्या हातातून काढून घेतलं. "तू पुस्तक घे. एकदा हात पिठात गेला का भायेर निघत नाय." तू रडलीस आणि वर निघून गेलीस. मी तिथेच बसून नारळ खवत होते. मला तिने उठवलं नाही. पण शिकवलंही नाही, हे लक्षात घे. खवायला, वळायला, तळण बघायला मी होते. साटा फेसायच्या वेळी ती पाठमोरी बसायची.

तरी सारण लिहून पाठवते. आत्याच्या पद्धतीचं आहे आणि मला खात्रीने येतं.

चार पिकलेले आंबे, पण मऊ पडलेले नकोत. रस न काढता बारीक फोडी करायच्या. कढईत चमचाभर तुपावर दोन मोठे चमचे रवा बदामी भाजून बाजूला काढायचा. मग त्याच कढईत फोडी आणि अर्धी वाटी साखर, मंद आचेवर. पाणी सुटतं, ते आटू द्यायचं. उलथन्याने कढईच्या तळाला रेघ ओढली आणि ती लगेच भरून आली नाही, की झालं. मग रवा, वेलची आणि मिठाची चिमूट. पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. कोमट सारणाने वरची पारी ओली होते आणि करंजी फुटते. मी एकदा पंधरापैकी चार फोडल्या होत्या. चार नव्हे, पाच. एक मी कुणी बघायच्या आत खाल्ली.

गेल्या वर्षीच्या त्या करंज्यांबद्दल शेजारच्या गोदूबाई अजून दारात थांबून बोलतात. आत्याने त्यांच्याकडे सहा पाठवायला लावल्या होत्या, "सांग, माझ्या समूनी केल्यान" म्हणून. दहाव्याला तुझ्या देखतच त्या म्हणाल्या ना, "जनी गेली, पन हात ठेवून गेली." तेव्हा तू उठून आत गेलीस. बाहेर आलीस ती आत्याचा पोळपाट घेऊन, आणि माझ्यासमोर ठेवलास. "हा तुझाच." मी तो घेतला. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.

पारीचं वेगळं काय लिहू, ती तू लहानपणापासून बघितली आहेस.

मामा तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेत आहेत.

तुझी,
समू

~

ओवे
बुधवार, १९ मार्च २०२५

प्रिय मनिषाताई,

पत्र मिळाल्यावर तू एका शब्दाचा मेसेज पाठवलास. "पारी?"

पारी मी केली नव्हती.

खारघरच्या मोठ्या दुकानात फ्रिजमध्ये तयार पीठ मिळतं, मैद्याच्या पापुद्र्यांची लाटलेली शीट, पफ करतात त्याची. मी ते पाकीट आणलं. वीस मिनिटं बाहेर ठेवलं, जास्त ठेवलं तर चिकटतं. वाटीने गोल कापले, चमचाभर सारण, कडेला दुधाचं बोट, घडी घालून काट्याने दाबलं, वाफ जायला वर सुरीने एक चीर दिली. ओव्हन आधी तापवून पंचवीस मिनिटं. ताई, त्या कुणालाही येतात. कोमलला पहिल्या वेळीच येतील.

बाहेर काढल्यावर त्यांना तळणाचा वास नव्हता. म्हणून मी तूप कडकडीत करून त्यांच्यावर लावलं. रिकामं पाकीट घरच्या कचऱ्यात टाकलं नाही, डब्याच्या पिशवीत घालून पनवेलला नेलं आणि तिथे टाकलं. यावरून तुला कळेल की मी काय करते आहे हे मला पूर्ण ठाऊक होतं.

आत्याला तेव्हा साखरेच्या आजारामुळे जवळजवळ दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आता मागतील ते द्या. तिने आंब्याची करंजी मागितली. मी बशी तिच्या मांडीवर ठेवली, तर खायच्या आधी तिने एक मोडली आणि बोटांनी पापुद्रे चाचपत राहिली. बराच वेळ. मग विचारलं, "साटा कशाचा केलास?" मी म्हटलं, "तुपाचा, आत्या. तांदळाचं पीठ घालून." "पान्यात टाकून बघितलास? तरंगला?" मी म्हटलं, "तरंगला."

ती म्हणाली, "एवढे पापुद्रे माझ्यानी कवा सुटले नाय."

अर्धी खाल्ली. बाकीच्या गोदूबाईंकडे पाठवल्या.

इथपर्यंत लिहून मी काल पत्र बंद करणार होते. माझ्याजवळ आत्याचा साटा नाही, तुझ्याऐवजी मला काही मिळालं नाही, तेव्हा तू माझा राग सोड, असं लिहिणार होते. ते खरं आहे, पण ते सगळं नाही, आणि एवढंच लिहिलं असतं तर तू मला क्षमा केली असतीस, म्हणून ते वाईट होतं.

आत्याने नुसती करंजी मागितली नव्हती. त्याच्या आदल्या रविवारी तिने मला जवळ बसवून सांगितलं, "मनीला फोन लाव. सांग, साटा शिकायला ये. मागत व्हती तवा मी नाय दिला. आता देते. मी बसून सांगन, तुमी दोघी करा." तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. एकही बदललेला नाही.

मी फोन लावला नाही.

तुझं मे महिन्याचं तिकीट काढलेलं होतं, कोमलची परीक्षा चालू होती, ही कारणं मी स्वतःला दिली. त्यांच्याखाली दुसरं होतं. दोघींना शिकवलं असतं तर तुला आधी जमलं असतं. तुला सगळं आधी जमतं. आणि तू तिची मुलगी आहेस. एकोणीस वर्षं मी या घरात एकही चूक होणार नाही अशी वागले, कुणी मला परत नेऊन सोडू नये म्हणून. मला वाटलं, हे एक माझ्या एकटीचं असू दे. मग वाटलं, मला एकटीलाही जमलं नाही तर? ती बघत असताना फुटल्या तर? म्हणून शिकायलाही बसले नाही. पाकीट आणलं.

अजून एक आहे.

करंज्या खाल्ल्या त्या संध्याकाळी तिने विचारलं, "मनी काय बोलली?" मी म्हटलं, "तिला रजा मिळत नाहीये." ती मग म्हणाली, "मार्च-एप्रिलात कशी मिलंल. बँकेत कामं असतात." आणि कूस बदलली. पाचव्या दिवशी ती गेली. तू आली नाहीस म्हणून तिने तुला बोल लावला नाही, उलट तुझी बाजू घेतली, पण तू नाही म्हणालीस असं समजून ती गेली. तू नाही म्हणाली नव्हतीस. तुला कुणी विचारलंच नव्हतं.

काल मामांना हे सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले होते. पिठाचं ऐकल्यावर म्हणाले, "तिनी जलमभर मैदा मळला. तिला काय कळलं नसंल?" मला धीर द्यायला म्हणाले. पण तिला पापुद्र्यांचं कळलं असेल, तर रजेचं खोटंही कळलं असेल का, हे मी त्यांना विचारू शकले नाही. कळलं असेल तर तुझ्या दृष्टीने बरं. तसं असावं असं मी म्हणते. आत्याचा निरोप तुला न दिल्याचं सांगितलं तेव्हा मात्र ते उठून आत गेले. आज सकाळी औषध त्यांनी माझ्या हातून घेतलं नाही, स्वतः ओतून घेतलं.

नैवेद्याला मी त्या करंज्या करणार नाही. तुला, मामांना, गोदूबाईंना सगळ्यांना सांगून केल्या तरी नाही. वर्षभरात मी आठ वेळा साटा फेसून पाहिला, दार लावून. तरंगतो. पण त्याच्या पुढे आत्या काय करायची ते मला माहीत नाही, आणि तुला बोलावून ती ते आपल्या दोघींना दाखवणार होती, तर मी तुला बोलावलंच नाही.

तू यायचं ठरवलं असशील तसं ये. मी घरात नको असेन तर तेवढं कळव. माझ्या बाबांची खोली पनवेलला आहे, मी तिथे जाऊन राहीन आणि मामांना काही कमी पडणार नाही याची सोय करून जाईन. राहायला सांगितलंस तर राहीन. हे पत्र रजिस्टर करते आहे, म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल. या वेळी मला खात्री हवी.

आत्याचा निरोप अकरा महिने उशिरा पोचवणारी,
समीक्षा