हाक मारायचं बटण

मंगळवार, संध्याकाळ. ऊर्जानगर.

मी हसलो, तेच टोचून राह्यलं.

बाबा आरमोरीहून आलेत. जन्मभर तलावात मासे धरलेला माणूस. ड्यूटीवरून आल्यावर हौसेनं त्यांना कॉम्प्युटरवरचं माझं लढाऊ विमान दाखवलं. खेळच, पण एकेक बटण खऱ्यासारखं. उष्णता टिपणारा कॅमेरा खाली वळवला. नदीकाठी ट्रक, बाजूला पांढरे ठिपके. ट्रकवर लेझर धरला, बॉम्ब सोडला. स्क्रीन पांढरीफटक.

"ते ठिपके कायचे होते?" बाबांनी विचारलं.

"माणसं. खेळातली."

"मंग हाक काऊन नाई मारली?"

मी हसलो. ते नाही हसले. "जाळं फेकाच्या आधी आमी हाक मारतो. पाण्यात कोणी असन त त्याले बाजूले होता येते."

चहा पिऊन ते फिरायला गेले. मी पुन्हा बसलो. तोच काठ, तेच ठिपके. बोट बटणावर, आणि तोंडातून आपसूक निघालं, "होऽऽ!" खोलीत एकटाच. ठिपके जागचे हलले नाहीत. कसे हलतील?

बॉम्बसकट परत फिरलो.

दोन वर्षांत त्या विमानाचं एकूण एक बटण पाठ केलं मी. त्यात हाक मारायचं एकही नाही, हे बाबांनी विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.