राखलेला हात

३ मार्च

चि. खडू हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. मजकूर गोड आहे, पण अक्षर चहाडी करतं. पाट्या रंगवणाऱ्या बापाची आपण पोरं, त्यात मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. 'मी अगदी मजेत आहे' या ओळीतली प्रत्येक उभी रेघ खाली येता येता थरथरली आहे.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा तुझी तब्येत कळायला मला तुझं अक्षर तेवढंच. ल्युपस म्हणजे अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते, असं तुझ्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, तेव्हा तुझी वहिनी म्हणाली होती की हे तर कुंपणानंच शेत खाल्लं. अशा दुखण्याला ऊन वर्ज्य, आणि तू शिडीवर चढून भिंती रंगवतेस!

पाट्या रंगवायचं दुकान बंद कर आणि दोघं इकडे या. मागची खोली रंगवून ठेवली आहे. मेव्हण्यांच्या सायकलदुरुस्तीचं काय, पंक्चर तर सगळीकडेच होतात.

उत्तर लगेच पाठव. आशीर्वाद आहेतच, हट्ट सोडलास तर जास्तीचे देईन.

तुझा
दादा

११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. तू माझी पत्रं वाचतोस की तपासतोस? आता मार्कही देऊन टाक.

बरं, पकडलंस. मागच्या महिन्यात चार दिवस मला कंगवासुद्धा उचलवत नव्हता. ते मी लिहिलं नाही, कारण तू शाळेतल्यासारखा कान धरून घेऊन गेला असतास. पण चार दिवसांनी उठले, हेही तितकंच खरं. आता दिवस कसा जातो ते ऐक. सकाळी तासभर बोटं वाळलेल्या ब्रशासारखी ताठ असतात. कोमट पाण्यात बुडवून एकेक मोकळं करते. बरण्यांची झाकणं आणि माझ्या बाह्यांची बटणं हे लावतात-उघडतात. यांचे हात ग्रिसचे, त्यामुळे माझे सगळे सदरे मनगटाशी काळे! खाल्ल्यावर गोळी. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी, वर्षातून एकदा डोळे. परवाच तपासून आले, सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

आणि उन्हाचं म्हणशील तर माझ्याकडे एक वही आहे. गावातल्या कुठल्या भिंतीवर किती वाजता सावली येते, ते त्यात लिहिलंय. सावलीतही ऊन उसळून अंगावर येतं, म्हणून पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि तोंडाला मलमाचा गिलावा. डॉक्टरीणबाईंना वही दाखवली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

खरी बातमी आता सांगते. ग्रंथालयाचं काम मिळालंय. आत कपाटांवरच्या चाळीस पाट्या, आणि बाहेर भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत नाव. भिंत पूर्वेची, म्हणजे दोननंतर सावली. आजारपणानंतरचं हे पहिलं मोठं काम. दादा, हे सोडलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं फक्त दुखणं उरेल. म्हणून मला बोलावू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया कर, पण भिंग बाजूला ठेवून.

तुझी
खडू

२४ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. मी मजेत आहे. काम चालू आहे. काळजी नसावी. सविस्तर मागाहून. वहिनीस नमस्कार.

खडू

२९ मार्च

चि. खडू हिस,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तुझं कसलं, अक्षर मेव्हण्यांचं आहे. सायकलच्या तारा वाकवून ठेवल्यासारखं. ज्या मुलीनं वयाच्या चौथ्या वर्षापासून हातातला खडू सोडला नाही, तिला चार ओळीही लिहवत नाहीत, आणि वर ती मजेत आहे म्हणे!

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. वहिनी म्हणाली की जरा थांबा, आधी विचारून घ्या. मी थांबलो नाही. ग्रंथपालबाईंना पत्र टाकलं आहे की माझ्या बहिणीला हे काम झेपणार नाही, ती स्वतःहून सांगणार नाही, तेव्हा तुम्हीच तिला मोकळं करावं. रागावशील, खुशाल रागाव. पंधरा तारखेला मी येतो आणि तुला घेऊनच परततो. सामानाला हात लावू नकोस, मी बांधीन.

तुझा
दादा

४ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. हेही पत्र हेच लिहीत आहेत. घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच. (मी लेखनिक. अक्षराबद्दलचा शेरा पोचला. मेव्हणे.)

ग्रंथपालबाईंनी तुझं पत्र मला भिंतीपाशीच आणून दाखवलं. अक्षर मोत्यासारखं, आणि खाली मजकूर हा! शिडीवर होते, पायाखालून ती कुणी काढून घेतल्यासारखं झालं. घरी येऊन रडले. दुखण्यानं कधी इतकं रडवलं नव्हतं. (हे खरं आहे. मी तुमच्यावर चिडलो होतो.)

आता नीट ऐक. माझ्या बोटांत रोज दोन-अडीच तासांचं चांगलं काम असतं. ते कुठे घालायचं, हे मी ठरवते. वेणी हे घालतात, भाजी हे चिरतात, आणि भिंतीचं काम सुरू झाल्यापासून पत्रंही हेच लिहितात. तुला लिहायला बसले तर त्या दिवशी भिंतीवरच्या एका अक्षराला हात उरत नाही. बाबा ओरडायचे ना, हात राखून काम करू नका म्हणून? त्यांचं बाकी सगळं ऐकलं, एवढं एक ऐकत नाही. मी हात राखते, म्हणून तो आहे. चूक माझी एवढीच की हे तुला आधी कळवलं नाही. तू अक्षर बघणार हे मला माहीत होतं, आणि तरी मला सुचलं नाही.

ग्रंथपालबाई हुशार आहेत. आतल्या कपाटांवर एकतीस पाट्या लागल्यात. त्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या की भावाला कळवा, पत्र पोचायला उशीर झाला. काम माझ्याकडेच आहे.

पंधराला ये, पाहुणा म्हणून ये. सामान बांधायचं तर तुझंच बांधशील.

माझा राग आज संध्याकाळपर्यंतचा. माया कायमची आहे, ती तूही राख.

तुझी
खडू
(आणि लेखनिक)

१८ एप्रिल

चि. खडू हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

पंधराला मी सांगितल्यापेक्षा दोन तास आधी पोचलो होतो. घरी न येता थेट ग्रंथालयाकडे गेलो आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात उभा राहिलो. शिंपी विचारत होता की शर्ट शिवायचा की पँट. मी म्हणालो की बहीण बघायची आहे. तो बिचारा टेप गुंडाळून परत मशीनवर बसला.

तू शिडीवर होतीस. टोपी, लांब बाह्या, मनगटाशी ग्रिसचे डाग. एक उभी रेघ तू वरून खाली अशी आणलीस की मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. मग उतरलीस, बसलीस, पाणी प्यायलीस. परत चढलीस. असं तीनदा. शेवटची दोनच अक्षरं उरली होती. सावली भरपूर, रंग कालवलेला, उजेड चांगला. मी मनात म्हणत होतो की आता सोडू नकोस, उरक. बाबांनी उरकलं असतं. मीही उरकलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी खाटेवर पडलो असतो.

तू बोटं उघडून मिटून पाहिलीस, डब्याला झाकण लावलंस आणि भिंतीकडे पाठ करून रमतगमत घरी निघालीस.

खडू, स्वतःची काळजी कशी घ्यायची ते मी तुला शिकवायची गरज नाही, हे मला त्या वेळी समजलं. परतीच्या प्रवासात मी दोन वर्षांनी प्रथमच गाढ झोपलो, इतका की उतरायचं ठिकाण मागे गेलं. वहिनी अजून हसते आहे.

मेव्हण्यांना नमस्कार. तुला सगळे आशीर्वाद, हट्टासकट.

उत्तराची घाई नाही. आधी ती दोन अक्षरं.

तुझा
दादा