आत दुमडलेलं कापड

क्योतो, ३ सप्टेंबर १९७९

चि. फुमियोस, अनेक आशीर्वाद.

आईचा लांब बाह्यांचा जांभळा किमोनो आजच्या पार्सलने पाठवला. तुझ्या सिनेमातल्या नवरीला शोभेल. सिनेमांच्या वेशभूषेसाठी तीस वर्षं तू लोकांच्या जुन्या कपड्यांमागे हिंडलीस आणि शेवटी घरच्याच कपाटाशी आलीस, याचं हसू आलं.

जानेवारीत चिएच्या विशीचा, सज्ञान झाल्याचा समारंभ. तेव्हा तो तिला घालायचाय. उसवून, धुऊन, तिच्या मापाने शिवीन. माझी पोरगी आईहून वीतभर उंच. पण आईने शिवतानाच कमरेत आत दुमडून ठेवलेलं कापड सोडलं की पुरेल. डिसेंबरच्या आत परत हवा.

वेळेवर जेवतेस ना? लोभ आहेच, पत्रं तेवढी वाढव.

तुझी ताई,
शिझुए

तोक्यो, २१ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

हे पत्र तीनदा फाडलं. नवरी आरशासमोर कमरपट्टा सोडते, असा प्रसंग होता. दिव्यात पाठीवर दुमडीची आडवी रेघ उठून दिसत होती. दिग्दर्शक म्हणाले, ती घालवा, दहा मिनिटं देतो. मी दुमड आतून कापली आणि पाठ सपाट शिवली.

सगळ्यांनी वाहवा केली. परतताना बसमध्ये तुझं पत्र आठवलं. वेशभूषेच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते, की किमोनोतलं जादा कापड कापायचं नसतं, ते पुढच्या अंगासाठी असतं.

किमोनो आणि कापलेल्या पट्ट्या पाठवते आहे. चिएला काय सांगू?

रागाव, पण लिही.

फुमियो

तोक्यो, ४ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

चौदा दिवस झाले. फोन केला तर चिएने उचलला. आई कामात आहे म्हणाली. मग हळूच म्हणाली, मावशी, आई तुझं नाव काढत नाही, काय केलंस तू? मी फोन ठेवून दिला.

तसा जांभळा शोधत पाच दुकानं पालथी घातली. एकाने जवळचा दाखवला. उजेडात नेला तर मेलेला रंग. पुढचा सिनेमा नाकारावा म्हणते. कात्री पेटीत बंद करून ठेवली आहे.

एक ओळ तरी.

फुमियो

क्योतो, ८ नोव्हेंबर

चि. फुमियोस,

किमोनो उसवला. दहा दिवस रागाने हात लावला नव्हता. पट्ट्या जोडता येतात, जोड कमरपट्ट्याखाली जातो. हे तुला ठाऊक आहे, तरी दुकानं हिंडलीस. पण जोडात दोन्हीकडून बोटभर कापड जातं. चिएच्या घोट्यापर्यंत जेमतेम येतो. आत दुमडायला आता काही उरत नाही. पुढे तिला मुलगी झाली तर तिच्यासाठी तो वाढवता येणार नाही.

चिएला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मुलगी बुटकी निघाली तर? मी तिच्यासमोर हसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन हसले.

सिनेमा नाकारू नकोस. माफ केलं असं समजू नकोस. तू रिकामी बसलीस तर रोज पत्र लिहिशील. कापड धुऊन ताणून ठेवलंय. बाकीचं मी शिवीन, पाठीचा जोड नाही. शनिवारी ये. तो तू शिव, मी शेजारी बसेन. टाके बारीक घाल. लोकांना दिसायचे नाहीत, मला दिसतील.

लोभ होता तेवढा आहे.

शिझुए